तिघी आत्या

देकुइमामाने घरामागून एक कुदळ आणि दोन फावडी आणून अंगणात टाकली, हात झटकले आणि रुइयुनकडे पाहिलं. सोळा वर्षांत त्याने तिच्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. ती ओट्यापाशी वाकून बाबांचे बूट काढत होती. तिने मान आणखी खाली घातली आणि गाठ सुटत नसल्यासारखी बोटं चाळवत राहिली.

"ओढ की जरा," बाबा म्हणाले. "तियानजिनहून इथवर आलो दोन तासांत आणि बूट काढायला तू तीन लावणार."

बाबा आज खुशीत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ते सहसा उंबऱ्याबाहेर पडत नसत. पण आज पहाटे त्यांनीच सगळ्यांना उठवलं होतं. बसमध्ये ग्रामोफोनचं खोकं मांडीवर धरून बसले होते. दादाने घेऊ का म्हणून विचारलं तर त्याच्या हातावर फटका मारला. गेले पंधरा दिवस ते बांबूच्या सुया तासत होते. पोलादी सुई तबकडी खरवडते, बांबूची मायेनं चालते, असं त्यांचं म्हणणं. नजरेने दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याच्या पेरावर टोक टेकवून पाहायचे. अशा चाळीस सुया चहाच्या डब्यात भरून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या.

बीजिंगच्या एका संशोधन संस्थेतून आलेल्या थानबाई ओट्याशेजारच्या बाकावर वही उघडून बसल्या. बाई तिशीच्या, जाड भिंगाच्या, दर प्रश्नाआधी माफी मागितल्यासारखं हसणाऱ्या. पायाशी त्यांचा टेपरेकॉर्डर होता.

"एकूण किती असतील, गुरुजी?"

"असतील नव्हे, आहेत. दोनशे शहाऐंशी. पहिल्या पेटीत नाट्यगीतं, दुसरीत ढोलावरची कथागीतं. तिसरीत सगळं सटरफटर. नकलाकार, भिकारी, मर्तिकाला मंत्र म्हणणारे. तिसरीच खरी. बाकीचं दुसऱ्या कुणाकडे तरी सापडेल."

"आणि आंधळ्या लुआनची?"

"तिसरीत. डावीकडून चौथी. मेंढीच्या लोकरीत गुंडाळलीय." बाबांनी हवेत हात धरला, जणू पेटी समोरच होती. "पुलाखाली बसून तीन तारांचं वाद्य वाजवायचा तो. एका परदेशी माणसाने पकडून नेला, भोंग्यासमोर बसवला, नावाड्याच्या बायकोचं गाणं म्हणवून घेतलं आणि पुन्हा पुलाखाली सोडला. वर्ष एकोणीसशे सात. एकाच बाजूला गाणं, दुसरी बाजू कोरी. मला एकतीस साली मिळाली. भंगारवाला तिच्यावर चहाची किटली ठेवायचा."

"आमच्याकडे जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात आहे फक्त. त्यात नाव आहे. तबकडी कुणीच पाहिलेली नाही." थानबाईंचा आवाज खाली आला. "तुम्ही किती वेळा ऐकली असेल?"

"सात."

"सातशे?"

"सात हो. पस्तीस वर्षांत सात. लाखेची तबकडी ती, दगड थोडाच! प्रत्येक वेळी सुई थोडी खाते. म्हटलं, आपणच सगळी खाऊन टाकली तर पुढच्यांना काय उरणार?"

कोपऱ्यात दादा बाह्या सरसावत होता. तो हसला. "आई म्हणायची, माझ्याशीसुद्धा इतकंच जपून बोलतात. वर्षाला एक वाक्य."

सगळे हसले. बाबाही हसले. रुइयुन बूट घेऊन उठली आणि घराच्या मागे गेली.

*

दादाचं नाव जिंगवन. वय पंचेचाळीस, यंत्रांच्या कारखान्यात फोरमन, डाव्या पायाने किंचित लंगडायचा. त्या लंगडण्याची त्याला लाज नव्हती, उलट ते तो मिरवायचा. आताही तो थानबाईंना सांगत होता आणि मागच्या न्हाणीघराच्या भिंतीतून रुइयुनला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अडुसष्टच्या हिवाळ्यात मला चाळीस दिवस कोंडलं होतं, बाई. बॉयलरशेजारच्या खोलीत. एकच मागणी, बापाचा माल कुठाय सांग, बापाविरुद्ध लिहून दे. एक अक्षर दिलं नाही. शेवटी कंटाळून सोडलं. विचारा आमच्या युनला."

थानबाई काहीतरी हळहळून बोलल्या.

स्वयंपाकघरात मामी आणि सुलानवहिनी ज्याओझ वळत बसल्या होत्या. कोबी आणि डुकराच्या खिम्याचं सारण परातीत होतं. रुइयुन त्यांच्यात येऊन बसली आणि पारी लाटायला घेतली.

"चेहरा बघा आमच्या वन्संचा," सुलान म्हणाली. "जणू प्रेत उकरायला आलोय. अहो, बाबांचा इतका आनंदाचा दिवस. निदान आज तरी हसा. म्हातारपणी त्यांचं तुम्ही एकटीने केलंत हे सगळ्यांना माहीत आहे, रोज तोंडावर लिहून फिरायला नको."

"सुलान, मीठ बघ जरा," मामी घाईने म्हणाली.

"मीठ ठीक आहे. मी काय खोटं बोलले? गेली पाच वर्षं हे म्हणतायत, पेट्या काढू. प्रत्येक वेळी हिचं काहीतरी. जमीन ओली आहे, बाबांना खोकला आहे, वारं पुन्हा फिरलं तर काय. आणि मामांचं काय, तर त्याच जागी डुकरांचा गोठा! दुसरी जागा नव्हती का मामी, एवढ्या मोठ्या परड्यात?"

मामीने ज्याओझची कड इतकी दाबली की सारण बाहेर आलं.

"मी जरा बोरं पाडून आणते," रुइयुन उठत म्हणाली.

बोरीखाली मामा उभाच होता. सत्तरीचा, वाळलेला, बिडीचं थोटूक ओठात विझलेलं.

"तू सांगतेस की मी?" तो म्हणाला.

"मामा, आज नको."

"आज नाही तर कधी? गोठा मी काल पाडला. जिंगवन स्वतः येऊन उभा राहिला समोर, काय करू? आता दोन हात माती आहे फक्त. कुदळ लागली की लागलीच. उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. काल रात्री मला वाटलं, मीच मरून जावं म्हणजे सुतकात सगळं राहून जाईल."

"मी सांगते," ती म्हणाली. "जेवणाआधी सांगते."

*

सहासष्टच्या ऑगस्टमध्ये, जुनं ते सगळं फोडायला टोळ्या घरोघर फिरू लागल्या तेव्हा, बाबांनी आणि मामाने हातगाडीत कोबीखाली लपवून तीन पेट्या या गावात आणल्या होत्या. कोबी साठवायच्या जुन्या तळघरात उतरवून वर माती भरली होती. आठवड्याभरात बाबांना नेलं. बोहाइच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मिठागरात, सक्तमजुरीला. तिथून दोन महिन्यांनी एक पत्र यायचं, दुसऱ्यांनी आधी वाचलेलं. तब्येत बरी आहे, काम करतो आहे, आणि शेवटी दर वेळी एक ओळ. तिघी आत्या बऱ्या आहेत ना?

बाबांना एकही बहीण नव्हती.

अडुसष्टच्या डिसेंबरमध्ये दादाला कोंडून चाळीस दिवस झाले होते. आई अंथरुणाला खिळलेली. सव्वीस वर्षांची रुइयुन रोज कारखान्याच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची आणि तो परत आणायची. त्या दिवशी फाटकावरच्या माणसाने डब्याऐवजी दादाचा बूट तिच्या हातात दिला. आत मोजा होता. मोजा पायाच्या आकारात कडक झाला होता.

"घरात नाहीत म्हणता, मग बापाच्या त्या जुन्या समाजाच्या तबकड्या कुठायत?" तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यालाही घरी जायचं असावं. "एवढं सांग आणि भावाला घेऊन जा."

तिने सांगितलं. बूट छातीशी धरून तिथंच फाटकात सांगितलं, गावाचं नाव, मामाचं नाव, तळघर, सगळं. तिला वाटलं होतं आपण रडू. पण तिने नीट, एकेक खूण देऊन, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन इथे आले. पेट्या वर काढल्या आणि खळ्यावर तबकड्या पसरल्या. मळणीचा दगडी रूळ होता, त्याला गाढव जुंपलं आणि कासरा मामाच्या हातात दिला. गाव गोळा झालं होतं. मामा सांगतो, आवाज फार झाला नाही, बर्फावर चालल्यासारखा झाला. गाढवाला काही कळेना, ते नेहमीसारखं गोल फिरत राहिलं. संध्याकाळपर्यंत खळ्यावर काळा भुगा उरला आणि वारा आला तेव्हा तो उडाला.

चौथ्या दिवशी दादा घरी आला.

आणि त्यानंतर पुढचं पत्र आलं. तिघी आत्या बऱ्या आहेत ना? रुइयुनने तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग लिहिलं, बऱ्या आहेत, तुमची वाट पाहतात. मामाने रिकाम्या पेट्यांत फुटकी कौलं भरून, जुना कापूस खुपसून त्या पुन्हा पुरल्या. वजन तेवढंच हवं, म्हणाला, कुणी हलवून बघितलं तर. ती पत्रं सहा वर्षं चालली. एकाहत्तर साली आई गेली, तीही तीन पेट्या सुखरूप आहेत या समजुतीतच गेली. आणि चौऱ्याहत्तरमध्ये बाबा आले, अर्धे होऊन, पण आले.

रुइयुनचं ठरलेलं लग्न मोडलं होतं ते त्याआधीच. तिने पुन्हा कुणाला विचारू दिलं नाही.

*

ती बाबांजवळ गेली तेव्हा ते एकटेच होते. गोधड्या एकावर एक रचून त्यांनी पेट्यांसाठी जागा केली होती. परातीत कोमट पाणी, मऊ फडकी.

"कोण, युन? बस. मामीला सांग, ती दारूची बाटली इथून हलव. थेंब उडाला तर लाख विरघळते. आणि तबकड्या आडव्या रचायच्या नाहीत हां, उभ्या. माझ्या हाताला आता कंप आहे. पहिली तूच धुवायची."

"बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"मलाही." त्यांनी चाचपत तिचं मनगट धरलं. "तू लहान असताना एकदा लुआनची तबकडी लावली होती. सहावी वेळ. तू दाराआडून ऐकलंस आणि मी तुला हाकललं. आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. मिठागरात रोज आठवायचं. म्हणायचो, एकदा पोरीला समोर बसवून पूर्ण ऐकवायचं, मग खुशाल झिजू दे. आज ऐकशील. आठवी वेळ तुझी."

तिच्या मनगटावरची बोटं गरम होती. तिकडे परड्यात कुदळीचा पहिला घाव पडला.

"लागले बघ ते," बाबा म्हणाले. "चल, मला ने तिकडे. खड्ड्याशी बसव."

तिने त्यांना नेलं. स्टूल ठेवलं, त्यावर बसवलं. पाय चालले म्हणून तीही चालत गेली. दादा खणत होता, घामाने डबडबलेला. मामा दुसऱ्या बाजूने माती ओढत होता, पण त्याचं फावडं निम्मं रिकामंच वर येत होतं.

"मामा, थकलात तर बसा!" दादा ओरडला.

मामा बसला. खड्ड्याच्या कडेला खरोखरच बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. थानबाईंनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. पेट्या निघतानाचा आवाजही राहावा म्हणून, असं त्या पुटपुटल्या. तेवढ्यात दादाची कुदळ लाकडावर वाजली.

"सावकाश!" बाबा स्टुलावरून उठले. "हाताने! हाताने माती काढ!"

"दादा, थांब," रुइयुन म्हणाली.

"आता काय?"

"उघडू नकोस. त्यात काही नाही."

दादा हसला. "काही नाही कसं? एवढं जड आहे."

"कौलं आहेत. फुटकी कौलं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तबकड्या अडुसष्टमध्येच गेल्या. मी सांगितलं त्यांना कुठे आहेत ते. ते इथे आले, आणि खळ्यावर… मामाकडून करवून घेतलं. एकही उरली नाही."

कोंबड्या दाणे टिपत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात सुलान हाताला पीठ लागलेली तशीच उभी राहिली.

"काय बोलतेस?" दादा खड्ड्यातून वर आला. "तू सांगितलंस? तू? आणि सोळा वर्षं आम्हाला…" त्याने मामाकडे पाहिलं. "तुम्हालाही ठाऊक होतं? म्हणून गोठा! म्हणून खोकला, ओल, वारं! अरे, म्हातारा पंधरा दिवस सुया तासत बसलाय आणि तू शेजारी बसून बघत होतीस?"

"हो."

"का सांगितलंस? मला चाळीस दिवस मारलं तरी माझ्या तोंडून निघालं नाही आणि तू नुसती फाटकाशी उभी राहून…"

"जिंगवन," मामा म्हणाला. डोकं वर न करता म्हणाला. "तुला सोडवायला सांगितलं तिने. तुझा बूट हातात दिला होता तिच्या."

दादाचा चेहरा लाल होता तो हळूहळू मातीच्या रंगाचा झाला.

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो म्हणाला, पण आता ओरडला नाही. "मी मागितलं होतं का?"

"बास करा," सुलान दारातून म्हणाली. ती चालत आली आणि रुइयुनच्या शेजारी उभी राहिली. सकाळपासूनची तिची धारदार जीभ कुठे गेली होती कोण जाणे. "बास. सत्तर साली तुमच्याशी लग्न केलं मी. आपली पोरगी आहे घरी. तबकड्या राहिल्या असत्या आणि तुम्ही त्या खोलीत संपला असता तर कोण असतं आज इथे? तिच्यावर ओरडू नका."

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार."

"उघडा," बाबा म्हणाले.

दादाने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"पेटी उघडा."

दादा पुन्हा खाली उतरला. वरची पेटी ओढून कडेला आणली, झाकण कुदळीने उचकटलं. बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आत हात घातला. आधी कापूस लागला. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, तो रुइयुनने पाहिला, आणि पुढे आयुष्यभर तिला तोच दिसत राहिला. मग बोटं कौलावर पोचली. त्यांनी एक तुकडा बाहेर काढला, अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, सुईची धार पाहावी तसा. मग दुसरा काढला. एकेक करून त्यांनी चौदा-पंधरा तुकडे काढले आणि जमिनीवर उभे रचायला लागले. ते पडायचे, पुन्हा उभे करायचे.

"दाजी," मामा रडत म्हणाला, "पुरे."

"लुआनची कितव्या फेरीला गेली, देकुइ?"

"मला वाचता येत नव्हतं, दाजी. मला सगळ्या सारख्याच."

"तिला मध्ये किटलीचा डाग होता. गोल."

"मी खाली बघत नव्हतो."

बाबांनी मान हलवली. मग मान वळवून त्यांनी गढूळ डोळे रुइयुनच्या दिशेने धरले, थोडे चुकलेच, तिच्या खांद्यावर आले.

"पत्रात लिहिलंस, बऱ्या आहेत."

"तुम्ही मेला असतात, बाबा."

"हो," ते म्हणाले. "मेलो असतो. माझ्या बराकीत अकरा जण गेले, सगळ्यांना घरी बायका-मुलं होती." ते सावकाश बोलत होते, तिला नीट समजावं म्हणून बोलावं तसं. "मी आता असं म्हणायला हवं की मी तुमच्यासाठी जगलो. तुझ्या आईसाठी. पण तसं नव्हतं, युन. मी त्या गाण्यासाठी जगलो. तुमची आठवण यायची, नाही असं नाही. पण उठायचो ते त्याच्यासाठी."

रुइयुनला वाटलं होतं ते मारतील, शिव्या देतील. निदान रडतील. त्यातलं काहीही चाललं असतं.

*

थानबाईंना वाटलं असावं की अजून काहीतरी वाचवता येईल. त्या बाबांजवळ उकिडव्या बसल्या.

"गुरुजी, राग मानू नका. तुम्ही ते ऐकलेलं आहे. आज जगात ते ऐकलेलं दुसरं कुणी नाही. तुम्हाला जसं आठवतं तसं जर गायलात… मशीन चालूच आहे."

बाबांनी हातातलं कौल खाली ठेवलं. मग त्यांनी घसा खाकरला, पाठ सरळ केली, आणि तबकडीच्या सुरुवातीला ओरडणाऱ्या जुन्या काळच्या माणसाच्या आवाजात, नाकातून, चढ्या सुरात नाव पुकारलं: साहेबांनी लुआन गायकाला बोलावलं आहे, गाणं नावाड्याच्या बायकोचं! एवढं हुबेहूब, की परड्याबाहेरून जाणारी दोन माणसं थांबून आत डोकावली.

मग त्यांनी तोंडाने तारा छेडल्या. तीन सूर, एक विराम, पुन्हा तीन. गाण्याची पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीपाशी ते अडले. मागे गेले, पुन्हा पहिलीपासून म्हटलं, या वेळी चाल वेगळी लागली. त्यांनाही ते कळलं. रुइयुनने पाहिलं, त्यांचं कपाळ ओलं झालं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

"तिसऱ्या ओळीनंतर तो खोकतो," ते म्हणाले. "खोकला आठवतो मला. मागे कुणीतरी दार लावतं, तेही आठवतं. गाणं…" त्यांनी हात हलवला. "सातच वेळा ऐकलं हो. शंभरदा ऐकलं असतं तर आलं असतं. मी जपलं."

"आलंय तेवढंही खूप आहे, गुरुजी."

"ते माझं आहे. त्याचं नाही. पुसा."

"पण गुरुजी…"

"उद्या लोक म्हणतील, लुआन असा गायचा. आयुष्यभर खोट्या नावाच्या तबकड्या वेगळ्या काढत आलो, आता मीच एक करून ठेवू? पुसून टाका ते. माझ्यासमोर."

"बाबा, राहू दे ना," रुइयुन न राहवून म्हणाली. "काहीतरी राहू दे."

"तू बोलू नकोस."

थानबाईंनी फीत मागे घेतली. बटणं दाबली. मशीन हलकेच घरघरत राहिलं आणि त्या सगळा वेळ बाबा कान देऊन, खात्री करून घेत बसून राहिले. शेवटी खटका झाला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. रुइयुनने धरायला हात दिला. त्यांनी तो ओळखला. सोडला. आणि विचारलं, "सुलान आहे का इथे?"

सुलान त्यांना घरात घेऊन गेली. मामी ज्याओझचं ताट घेऊन एकदा दारापर्यंत आली आणि परत गेली. मामा बोरीखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. थानबाई आपली वही शोधत होत्या, ती त्यांच्या हातातच होती.

दादा खड्डा बुजवायला लागला होता. पेटी त्याने परत आत ढकलली होती, कौलंही. रुइयुनने दुसरं फावडं उचललं आणि समोरच्या बाजूने माती लोटू लागली. दोघं माती टाकत राहिले. दुपारचं ऊन उतरलं होतं. तिच्या तळव्याला फोड आला आणि फुटलाही.

"कोणत्या दिवशी सांगितलंस तू?" दादाने विचारलं. वर न पाहता.

"चाळिसाव्या."

त्याचं फावडं थांबलं. मातीत रुतवून तो त्याच्यावर रेलला.

"एकोणचाळिसाव्या दिवशी मी सही केली होती," तो म्हणाला. इतक्या हळू की तिला पुढे वाकावं लागलं. "कागद त्यांनीच लिहून आणला होता. बाबा परदेशी लोकांना बातम्या पुरवायचे म्हणून. पेट्यांचं मात्र नाही सांगितलं मी, आईशपथ नाही सांगितलं. पण सही केली. दोन-तीन दिवसांत सोडतो म्हणाले होते. सोडणारच होते मला, युन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बाबांची तीन वर्षांची शिक्षा एकोणसत्तरमध्ये अचानक आठ वर्षांची झाली होती, का झाली ते घरात कुणालाच कळलं नव्हतं.

फाटक. बूट. तो कडक मोजा. तिने नीट सांगितलेला पत्ता. सगळं होतं तिथंच होतं, फक्त त्यामागचं कारण आता उरलं नव्हतं.

"बाबांना सांगू नकोस," दादा म्हणाला. तो रडत होता, लहान मुलासारखा, नाकातून. "तू म्हणशील ते करीन मी. एवढं नको सांगूस. या वयात त्यांना…"

घरातून बाबांचा खोकला ऐकू आला. सुलान त्यांना पाणी घ्या, पाणी घ्या म्हणत होती.

"नाही सांगत," रुइयुन म्हणाली. आणि तिने फावडं पुन्हा मातीत घातलं, कारण अंधार पडायच्या आत शेवटची बस होती आणि खड्डा अजून अर्धा बाकी होता.